हलकी रायफल आणि खांद्याने घेतलेला धसका : एका निवडीचे प्रकरण

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार कुटुंबातल्या तरुणाचे आहे. गेली काही वर्षे तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, मार्लबरो भागातल्या द्राक्षमळ्यावर पर्यवेक्षक म्हणून काम करतो, आणि तिथल्या सहकाऱ्यांच्या संगतीने त्याला डोंगरातल्या शिकारीची गोडी लागली. दिवाळीच्या रजेवर तो घरी आला तेव्हा मळ्यात ऑक्टोबर छाटणीची धांदल चालू होती. त्याच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घोळत होता, तो म्हणजे तिथे परवान्यावर घेतलेली अत्यंत हलकी रायफल ठेवावी, की विकून दुसरी घ्यावी. मागच्या हंगामात त्याचे नेम एकामागून एक चुकले होते. एक तांबडे हरीण जखमी होऊन निसटले, आणि ते शोधून त्याची सुटका करेपर्यंत अंधार पडला होता. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. माझी नोकरीची वर्षे तोफखान्याच्या कार्यशाळेत तोफांच्या दुरुस्तीत गेली आणि निवृत्तीनंतर मी नाशिकमध्ये होतकरू नेमबाजांना शिकवण्याच्या कामात हातभार लावतो, म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला माझ्याकडे पाठवले. त्याच्या संमतीने, नाव न देता, हे प्रकरण इथे मांडतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. कलम ११ मध्ये जो अपवाद आहे, तो मुख्यतः माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या, अथवा बरा होण्यापलीकडे अपंग वा रोगग्रस्त झालेल्या प्राण्यापुरता आहे, आणि त्यासाठीही अधिकाऱ्याचा कारणांसहित लेखी आदेश लागतो. छंदाला त्यात जागा नाही. न्यूझीलंडची परिस्थिती मुळातच वेगळी आहे. वटवाघळे सोडली तर त्या देशात जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. तांबडी हरणे १८५१ पासून बाहेरून आणली गेली आणि आपल्या हिमालयातला थार, म्हणजे शेळीच्या कुळातला रानटी प्राणी, १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला. या प्राण्यांना तिथे नैसर्गिक शत्रू नाही, त्यामुळे त्यांची संख्या वाढते आणि उंचावरची मूळ वनस्पती ते खाऊन संपवतात. म्हणून त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हे तिथल्या संवर्धन खात्याचेच धोरण आहे, आणि परवाना असलेल्या शिकाऱ्याला सरकारी वनभूमीवर रीतसर अनुमती मिळते. आपल्याकडे ज्या थारला कायद्याचे कडक संरक्षण आहे, तोच तिथे उपद्रवी ठरतो, हे समजून घेतल्याशिवाय या तरुणाची गरज समजत नाही. त्याला जी रायफल हवी होती, ती खडकाळ चढावर दिवसभर खांद्यावर वागवायची आणि अखेरीस दीडशे ते अडीचशे मीटरवरून एकच अचूक गोळी झाडायची, अशा कामाची होती.

मूळ रायफल

त्याने घेतलेली रायफल दुकानातल्या मांडणीत सर्वांत हलकी होती. कार्बन फायबरचा दस्ता, बारीक नळी आणि नुसते वजन २.३ किलो; दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा आणि काडतुसे धरून ती २.९ किलोंवर जाई. काडतूस होते .३०० विंचेस्टर मॅग्नम. १९६३ साली आलेले हे काडतूस लांब पल्ल्यासाठी आणि मोठ्या जनावरांसाठी नावाजलेले आहे, आणि त्याच्या गुणांविषयी वाद नाही. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला फेकून धक्का कमी करणारा जोड, बसवलेला होता, पण त्याचा आवाज शेजारी बसणाऱ्या सोबत्याच्या कानांना सोसेना म्हणून तो काढून ठेवला होता. ‘एवढ्या उंचावर जायचे, तर वजन कमी हवे आणि एवढ्या लांबून मारायचे, तर जोर जास्त हवा’, असा त्याचा हिशेब होता. दोन्ही अर्धी वाक्ये सुटी सुटी खरी आहेत. एकाच रायफलीत ती एकत्र आली की त्यांची किंमत खांद्याला मोजावी लागते.

हा धक्का किती असतो, हे अंदाजाने बोलण्याऐवजी मोजता येते. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा जळत्या दारूचा वायू ज्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. वायूचा वेग गोळीच्या वेगाच्या दीडपट धरण्याची ढोबळ रीत आहे. मीही तीच धरली. .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते आणि तिच्यामागे साडेचार ग्रॅम दारू जळते. २.९ किलोंच्या रायफलीत याचा अर्थ असा, की दस्ता सेकंदाला ५.७ मीटर वेगाने खांद्यावर येतो आणि धक्क्याची ऊर्जा ४८ ज्यूलच्या घरात जाते. सरावलेल्या बहुतेक माणसांना २७ ज्यूलपर्यंतचा धक्का नेम न बिघडवता सोसतो, असा जाणकारांचा सर्वसाधारण संकेत आहे. त्या मानाने हा तरुण प्रत्येक गोळीला जवळजवळ पावणेदोनपट धक्का खात होता.

इथे एक गणित नीट पाहण्यासारखे आहे, कारण रायफल निवडणारे बहुतेक जण ते उलटे मांडतात. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन ३.४ किलोंवरून २.९ किलोंवर आणले, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. काडतूस बदलले तर संवेग बदलतो, आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. .३०० मॅग्नमऐवजी ७ मिमी-०८ रेमिंग्टन हे काडतूस त्याच २.९ किलोंच्या रायफलीत घातले असते, तर धक्का २२ ज्यूल झाला असता, म्हणजे निम्म्याहून कमी. वजनाचा अर्धा किलो धक्क्यात जो फरक पाडतो, त्याच्या कितीतरी पट फरक काडतुसाची निवड पाडते. म्हणून हलकी रायफल घेणाऱ्याने आधी काडतूस ठरवावे आणि वजनाचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे. हा तरुण नेमका उलट्या क्रमाने गेला होता.

यात घरच्या समजुतीचाही वाटा होता. त्यांच्या मळ्यावर आजोबांच्या वेळची परवान्याची बारा बोअर बंदूक होती आणि ‘जी बंदूक खांदा हलवते तीच खरी’, हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकले होते. बारा बोअरचा धक्काही कमी नसतो. पण ती बंदूक उभ्याने, सैल अंगाने, झटकन उडवायची असते आणि शरीर धक्क्याबरोबर मागे झुकते. दगडावर पालथे पडून, दुर्बिणीला डोळा लावून, एका बिंदूवर श्वास रोखणाऱ्या माणसाचे शरीर मागे झुकू शकत नाही. सगळा मार एकाच जागी बसतो.

तपासणी

त्याची रायफल इथे आणणे शक्यच नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. माझ्या मते बिघाड त्या रायफलीत राहिलेला नव्हता, तो आता माणसात उतरला होता, आणि माणूस तर समोर उभा होता. रीतसर नोंदणी करून आम्ही त्याला रेंजवर घेतले.

पहिल्यांदा त्याच्या हाती दहा मीटरची एअर रायफल दिली. त्याने झाडलेल्या छऱ्यांचा गट नवशिक्याच्या मानाने चांगलाच आवळलेला होता. याचा अर्थ डोळा, श्वास आणि बोटाची हालचाल ठीक होती. मग पन्नास मीटरवर .२२ ची रायफल दिली. या रायफलीचा धक्का एका ज्यूलच्या पाव हिश्शाइतकाही नसतो. आवाज मात्र खऱ्या गोळीचा असतो. त्याचा गट लगेच फाटला आणि गोळ्या खाली लागू लागल्या. खांद्याला काहीही लागत नसताना नुसत्या आवाजाने नेम खाली जात होता.

त्यानंतर आम्ही एक जुनी, साधी आणि खात्रीची परीक्षा घेतली. रायफल भरण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आणि त्याला दिसणार नाही अशा बेताने कधी काडतूस घातले, कधी चेंबर रिकामे ठेवले. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने, आणि रायफल रिकामी असली तरी ती भरलेलीच आहे असे समजून वागायचे, हा नियम अर्थातच होता. रिकाम्या चेंबरवर त्याने चाप ओढला तेव्हा मी त्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसून पाहत होतो. खटका पडण्याच्या आधीच त्याचा उजवा डोळा घट्ट मिटला, पुढच्या हाताची बोटे आवळून पांढरी पडली, खांदा पुढे आला आणि नळीचे तोंड सहज दिसेल इतके खाली गेले. मग नुसता ‘टक्’ असा आवाज झाला.

“काका, गोळी नव्हती का?” त्याने मान वर करून विचारले.

“नव्हती. पण तुझा खांदा कुणाला ढकलायला पुढे आला, ते सांग.”

तो काही बोलला नाही. त्याने स्वतःच बोल्ट उघडून चेंबर पाहिले आणि रायफल पुन्हा भरायला माझ्याकडे दिली. एरवी माणूस वाद घालतो, रायफलीला दोष देतो. याने तसे केले नाही, आणि पुढचे काम त्यामुळे फार सोपे झाले.

या दचकण्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. धक्का बसतो म्हणून नेम हलतो, असे लोक समजतात. प्रत्यक्षात गोळी नळीतून बाहेर पडायला एक ते दीड मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. माणसाच्या शरीराला कशाचीही जाणीव होऊन स्नायू हलायला याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणजे खांद्याला मार कळतो तोवर गोळी कधीच निघून गेलेली असते. नेम बिघडवते ती त्या माराची आगाऊ वाट पाहणारी शरीराची तयारी. ती प्रत्येक जोरकस गोळीबरोबर अंगवळणी पडत जाते, आणि एकदा पडली की हलक्या रायफलीवरही सुटत नाही. म्हणून ‘सवय होईल’ म्हणून तीच रायफल पुन्हा पुन्हा उडवत राहणे हा उपाय नव्हे. त्याने दुखणे अधिकच मुरते. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर क्रीडा मानसशास्त्राचे काम ज्या निष्ठेने केले, त्यामुळे नेमबाजाच्या मनाचा विचार हा शिकवणीचाच भाग आहे, ही जाण या शहरात रुजली. २०१७ साली ते गेले, पण अशा प्रसंगी त्या कामाचे मोल पुन्हा पुन्हा जाणवते.

शरीरावरच्या खुणांनीही बरेच सांगितले. त्याच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्राकृती व्रण होता. दुर्बिणीच्या कडेने तो झाला होता. दुर्बीण दुकानात उभे राहून, काउंटरवर बसवली गेली होती. माणूस पालथा पडला, त्यातही चढाकडे तोंड करून पडला, की त्याचे डोके सहज दोन-तीन सेंटिमीटर पुढे येते, आणि त्याच्या दुर्बिणीला डोळ्यापासून अंतर लागत होते अवघे नऊ सेंटिमीटर. पहिल्या जखमेनंतर प्रत्येक वेळी त्याचा डोळा मिटू लागला, यात नवल काय? शिवाय त्याने मागच्या हंगामातला खांद्याचा फोटो दाखवला, त्यात काळानिळा डाग खांद्याच्या खोबणीत नव्हता, तर बाहेरच्या बाजूला, दंडाच्या मुळाशी होता. उंची १६५ सेंटिमीटर, हात आखूड आणि अंगात थंडीचे जाड जाकीट. चापापासून बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, टोकापर्यंत ३४.५ सेंटिमीटर असलेला दस्ता त्याला लांब पडत होता. लांब दस्ता खोबणीत बसत नाही, बाहेर सरकतो आणि हाडावर मारतो. दुकानात पातळ शर्टावर नीट बसलेली रायफल डोंगरात जाकिटावर तशीच बसेल, असे गृहीत धरू नये.

निवड

नव्या रायफलीसाठी आम्ही चार काडतुसांचा विचार केला. ३.२ किलो वजन समान धरून मी त्यांचे धक्के काढले. .२४३ विंचेस्टरचा १४ ज्यूल, ६.५ क्रीडमूरचा १९, ७ मिमी-०८ चा २०, आणि .३०८ विंचेस्टरचा १५० ग्रेनच्या गोळीसह २३. .२४३ चा धक्का सर्वांत सौम्य आहे आणि हरणासाठी ते पुष्कळ जण वापरतात. पण मोठा नर थार अंगाने दणकट असतो, कड्याच्या टोकावर उभा असतो आणि जखमी होऊन घसरला तर खाली पोचणेही अशक्य होते. तिथे जरा जड गोळी हवी, असे मला वाटले. .३०८ ला तर माझा काहीच आक्षेप नव्हता. ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ यांत जो फरक आहे, तो कागदावरचा आहे. त्यावर रात्र रात्र चर्चा करणाऱ्यांनी तेवढा वेळ चाप ओढण्याच्या सरावाला दिला तर त्यांचा जास्त फायदा होईल. त्याच्या नेहमीच्या सोबत्याकडे ७ मिमी-०८ होती आणि दोघांची काडतुसे एकमेकांना चालतील, एवढ्या व्यवहारी कारणावर त्याने ती पसंत केली. १९८० साली आलेले हे काडतूस .३०८ च्याच पुंगळीचे तोंड आवळून बनवलेले आहे, त्यामुळे आखूड बोल्टच्या रायफलीत बसते आणि तेवढे पोलादही वाचते. १४० ग्रेनची गोळी अडीचशे मीटरवर दोन हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा घेऊन पोचते. त्याच्या कामाला ती पुरेशी आहे. त्यापलीकडच्या अंतरावर त्याने गोळी झाडू नये, असे मी त्याला सांगितले आणि त्याने ते मानले.

वजनाचा मुद्दा मात्र त्याला सहजी सोडवत नव्हता. नवी रायफल नुसती २.५ किलोंची, सामानासह ३.१५ किलोंची होत होती. न्यूझीलंडमध्ये नळीला सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारे नळकांडे, लावणे कायदेशीर आणि सर्रास आहे. तो लावला की आणखी ३०० ग्रॅम वाढून एकूण ३.४५ किलो. जुन्या रायफलीपेक्षा साडेपाचशे ग्रॅम जास्त! त्याचे म्हणणे असे, की संध्याकाळपर्यंत हे साडेपाचशे ग्रॅम पाच किलोंसारखे वाटतात.

या म्हणण्याची परीक्षा आम्ही अंजनेरीच्या चढावर घेतली. पाठपिशवी त्याची बहीण भरून देई. कधी त्यात अर्ध्या लिटरची पाण्याची एक बाटली जास्त असे, कधी नसे, आणि खाली उतरल्यावर त्याने ओळखायचे असे ठरले होते. त्याला ते ओळखता आले नाही. त्यावरून वजनाला महत्त्व नाही असा निष्कर्ष मी काढत नाही, कारण तिथल्या डोंगरात चार-चार दिवसांचे सामान पाठीवर असते आणि अशा छोट्या छोट्या वजनांचीच बेरीज माणसाला थकवते. पण ती बेरीज तंबू, बूट, भांडी, जास्तीचे कपडे यांतून कमी करता येते. गोळी सुटण्याच्या क्षणी तंबूच्या वजनाने काही फरक पडत नाही, रायफलीच्या वजनाने पडतो. हलकी रायफल हातात थरथरतेही जास्त, आणि चापाचा दाब रायफलीच्या वजनाच्या जवळ गेला की बोटाच्या नुसत्या ओढीने नेम सरकतो. म्हणून चाप सव्वा किलोच्या आसपास, सुरक्षित मर्यादेत, जाणकार बंदूक-कारागिराकडून करून घ्यावा असेही ठरले.

सप्रेसरचा आग्रह मी धरला, त्याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे तो सुटणाऱ्या वायूला अडवून हळू सोडतो, त्यामुळे संवेगातला वायूचा वाटा घटतो. माझ्या अंदाजाने त्याच्या रायफलीचा धक्का १५ ज्यूलच्या आसपास येतो, म्हणजे जुन्या धक्क्याच्या एक तृतीयांश. दुसरे आणि माझ्या लेखी मोठे कारण आवाजाचे. रेंजवर आपण पाहिलेच, की याचे शरीर खांद्याच्या माराइतकेच कानावरच्या माराला भीत होते. मझल ब्रेक धक्का कमी करतो, पण वायू बाजूला फेकून आवाज नेमबाजाच्या कानाकडे वळवतो; दचकण्याची सवय लागलेल्या माणसाला तो औषध म्हणून देऊ नये. सप्रेसर लावूनही कानाला संरक्षण हवेच. रायफलीचा आवाज त्याने कमी होतो, नाहीसा होत नाही.

धक्का सौम्य करण्याच्या बाकीच्या गोष्टींमागे एकच तत्त्व आहे, आणि ते मला तोफांनी शिकवले. १५५ मिलिमीटरची तोफ उडते तेव्हा तिची नळी पाळण्यावर मागे सरकते आणि तेलाने भरलेल्या नळकांड्यातून तेल बारीक वाटेने ढकलले जाते. एका क्षणात बसणारा प्रचंड धक्का त्यामुळे जास्त वेळावर आणि जास्त अंतरावर पसरतो आणि तोफ जागेवर राहते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेही याचसाठी. रायफलीच्या बटावरचे मऊ रबरी पॅड हेच काम लहान प्रमाणात करते. म्हणून चांगले, जाड पॅड घ्यावे आणि त्यासाठी दस्ता तेवढा कापून चाप-ते-बट अंतर ३३ सेंटिमीटर करावे, असे त्याला लिहून दिले. दस्त्याची वरची कड सरळ असावी, हेही त्यात होते; ती खाली उतरती असली तर नळी वर उसळते आणि गालावर मार बसतो. दुर्बीण मात्र त्याने स्वतः जाकीट घालून, पालथे पडून, डोळे मिटून गाल टेकवून आणि मग डोळे उघडून बसवायची. पूर्ण चित्र दिसले पाहिजे आणि भुवईला पुरेशी मोकळीक राहिली पाहिजे.

सराव

उरलेली रजा त्याने सरावाला दिली. रोज संध्याकाळी घरी रिकाम्या एअर रायफलीच्या नळीवर, तोंडाजवळ, दहा रुपयांचे नाणे ठेवून चाप ओढायचा, आणि नाणे पडता कामा नये. सुरुवातीला ते पडे; नंतर पडेनासे झाले. रेंजवर .२२ वर भरलेले-रिकामे हा खेळ चालूच ठेवला, पण आता प्रत्येक वेळी खटका पडल्यानंतरही डोळा उघडा ठेवून दुर्बिणीत काय दिसले ते त्याने मोठ्याने सांगायचे. ‘दुर्बिणीतली फुली मध्यावर होती’, ‘फुली सात वाजता गेली’ (म्हणजे घड्याळातल्या सातच्या दिशेला), असे. ज्याला गोळी सुटतानाचे चित्र सांगता येते, त्याचा डोळा मिटलेला नाही, हे उघड आहे. थकवा आला की थांबायचे. थकलेल्या खांद्याने केलेला सराव जुनीच सवय परत आणतो.

हलकी रायफल धरण्याची रीतही वेगळी असते. जड रायफल पिशवीवर ठेवून नुसता हात लावला तरी चालते. हलकी रायफल मोकळी सोडली तर उसळते आणि प्रत्येक वेळी वेगळी उसळते. म्हणून पुढच्या हाताने अग्रदस्ता घट्ट पकडून पिशवीवर दाबायचा, पट्टा दंडाला ताणायचा आणि बट खोबणीत ओढून घ्यायचा. नळी किंवा अग्रदस्ता नुसत्या दगडावर टेकवायचा नाही. कठीण आधारावरून रायफल वर उडते आणि गोळी वर जाते. बारीक नळीला लागोपाठ तीन-चार गोळ्यांत ताप चढतो आणि गट सरकू लागतो. रायफलीचा झिरो, म्हणजे दुर्बिणीतली फुली आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, तपासताना तीन गोळ्या झाल्या की नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायला हवे. खरे तर डोंगरात महत्त्व असते ते थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्याच गोळीला.

परत गेल्यावर त्याने जुनी रायफल विकली आणि ठरल्याप्रमाणे नवी घेतली. पहिल्या दिवशी रेंजवर त्याने सोबत्याला रायफल भरायला सांगून रिकाम्या चेंबरची परीक्षा स्वतःहून घेतली. चित्रफीत मला पाठवली. नळी हलली नव्हती. दोनशे मीटरला झिरो केल्यावर अडीचशेवर गोळी दहा-बारा सेंटिमीटर खाली लागते, हेही त्याने प्रत्यक्ष मोजून घेतले. द्राक्षतोडणी आटोपल्यानंतर मे महिन्यात तो थारच्या मागावर गेला तेव्हा पहिले दोन दिवस त्याने गोळीच झाडली नाही, कारण अंतर जास्त होते. तिसऱ्या दिवशी दोनशे मीटरच्या आतून एका गोळीत काम झाले.

आता तो म्हणतो, की दचकणे गेले आहे, तर सप्रेसर काढून तीनशे ग्रॅम वाचवावेत का. निदान आणखी एक पूर्ण हंगाम तरी तो काढू नये, असे मी त्याला कळवले आहे. अंगात मुरलेला धसका महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने दबतो, पण त्याच्या मुळाशी असलेला आवाज परत आला की तोही परत येऊ शकतो. काढायचाच असेल तर आधी रेंजवर, कानाला दुहेरी संरक्षण घेऊन आणि दुसऱ्याच्या हातून भरून घेत, त्याने रिकाम्या चेंबरची परीक्षा द्यावी. नळी हलली नाही तरच पुढचा विचार करावा.